कशावरनं?

सुजाताला माझ्यापेक्षा नेहमी कमी मार्क पडले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणालाही उलटंच वाटेल. बीएस्सीची तिन्ही वर्षं शिरूरच्या आमच्या कॉलेजात गणिताला पहिली मी आले. विभागाच्या दारावरच्या फलकावर माझं नाव आहे, सोनेरी अक्षरांत. सुजाताचं नाव त्या फलकावर कुठेच नाही. तरी त्या तीन वर्षांतला असा एक दिवस मला आठवत नाही, ज्या दिवशी मला तिचा हेवा वाटला नाही.

हेवा हा शब्द मी फार उशिरा वापरायला लागले. सुरुवातीला मी स्वतःला सांगायचे, ही मुलगी मोठ्याने बोलते म्हणून मला तिचा त्रास होतो. आमच्या घरी कुणी मोठ्याने बोलत नाही. वडील कुरकुंभच्या औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला, आई घरी, आणि मी दौंडच्या इंग्रजी शाळेत. त्या शाळेत हात वर करणं म्हणजे आपलं लक्ष नव्हतं हे कबूल करणं असा माझा समज होता. बारा वर्षं मी हात वर केला नाही आणि बारा वर्षं माझ्या प्रगतीपुस्तकात ‘शांत, हुशार मुलगी’ असाच शेरा आला. शिरूरला मावशी होती म्हणून पुढे शिरूरला शिकायला गेले. जाताना तो शेराही बरोबर घेऊन गेले.

सुजाता केंदूरची. रोज शिक्रापूरला एसटी बदलून यायची, त्यामुळे पहिल्या तासाला तिला थोडा उशीर व्हायचाच. बाकीचे उशिरा येणारे मागच्या दाराने हळूच शिरायचे. ही पुढच्या दाराने यायची, फळ्यावर काय लिहिलंय ते दारातच उभी राहून पूर्ण वाचायची आणि मग पहिल्या बाकावरच्या मुलाला म्हणायची, “सरक की रं.” बुटकी, चालणं झपाझप, वेणी घट्ट. उजव्या हाताची बोटं कायम पांढरी. तास संपला की फळ्याखालचे खडूचे तुकडे ती गोळा करायची आणि एका गंजलेल्या कंपासपेटीत ठेवायची. दोन तासांच्या मधे आम्ही मुली कँटीनला जायचो तेव्हा ती रिकाम्या वर्गात फळ्यासमोर असायची, डाव्या हातात भाकरी आणि उजव्या हातात खडू. तिच्या काळ्या सॅकवर तिच्याच हाताचे पांढरे पंजे उमटलेले असायचे.

गणिताशी ती बोलायची. एखादं फंक्शन मनासारखं वागेना, की “हे बेणं कुठंतरी उडी मारतंय,” असं पुटपुटायची. आणि अडलं की हसायची. हे मी कुणातच पाहिलं नव्हतं. मला अडलं की माझे कान गरम होतात, मी पान उलटते, उत्तर पाहते. ती अडली की तोंडभर हसून शेजारच्याला सांगायची, “अडलं बघ!” जणू काही बसमध्ये खिडकीची जागाच सापडली.

मला ती ‘दौंड’ म्हणायची. “ए दौंड, एकोणसाठ म्हंजी किती गं?” इंग्रजी शाळेतल्या माझ्यासारख्यांचं हे नेमकं दुखणं. एकोणसाठ की एकोणसत्तर, मला आजही क्षणभर थांबावं लागतं. ती तो क्षण मोजत उभी राहायची आणि मग टाळी द्यायला हात पुढे करायची. माझ्या ओढणीवर खडू उडायचा.

तिचा शब्द एकच होता. “कशावरनं?”

तो पहिल्यांदा ऐकला तो पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला. सातव सर शिकवत होते. सर मूळचे शिरूरचेच, शांत, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं. कोणतीही संख्या घ्या, तिच्याहून मोठी एखादी नैसर्गिक संख्या असतेच. एक, दोन, तीन, चार अशी मोजत गेलात तर कधी ना कधी तिला ओलांडताच. मी ते वाक्य उतरवून घेतलं, खाली पट्टीने रेघ मारली. या गुणधर्माचं इंग्रजी नाव मला माहीत होतं, तेही समासात लिहून टाकलं.

“सर, कशावरनं?”

वर्ग हसला. सरही हसले. “अगं, मोजत जा की पुढं.”

“मोजत गेलं तर मोजणं संपत न्हाई, एवढंच कळतं, सर. पण त्या संख्येच्या पुढं जातं, हे कशावरनं? एखादा अलीकडंच चालत ऱ्हायचा जन्मभर.”

मागून कुणीतरी म्हणालं, “केंदूरची एसटी!” पुन्हा हशा झाला. सुजाताही हसली, पण बसली नाही. सर फळ्याकडे वळले. खडू टेकवला, उचलला, परत टेकवला. मग वळून म्हणाले, “उद्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण तास त्या एका वाक्याला दिला. वाक्य खरंच होतं, पण ते सिद्ध करायला किती खोल जावं लागतं हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं. शेवटी सर म्हणाले, “इतकी वर्षं शिकवतोय, हे कुणी विचारलं नव्हतं.” बोलताना ते सुजाताकडे पाहत होते. सरांचा तो चेहरा मला अजून आठवतो. रोजच्या जेवणात कुणीतरी अचानक आवडीचं काही वाढावं आणि माणसाने वर बघावं, तसा. पुढे माझ्या नव्वदच्या वरच्या मार्कांकडे बघताना सर असे कधीच दिसले नाहीत. “छान,” म्हणायचे. छान हा शब्द मला त्या दिवसापासून आवडेनासा झाला.

मी घरी जाऊन ती सिद्धता पाठ केली. दोन रंगांच्या शाईने लिहून काढली. माझ्या नोट्स वर्गात सगळे झेरॉक्स करून घ्यायचे, वरच्या वर्गातलेसुद्धा मागायचे. सुजाताने कधी मागितल्या नाहीत. एकदा मीच, काही निमित्त काढून, तिच्यासमोर ठेवल्या. तिने पाच-सहा पानं उलटली, मनापासून मान डोलावली आणि म्हणाली, “अक्षर लई भारी गं तुझं.”

तेवढंच.

ती पहिली का यायची नाही, हे सांगायला हवं. तिला पेपर पूर्ण सोडवता यायचा नाही. एखादा प्रश्न आवडला की ती त्यातच राहायची. घंटा झाली की तिचे दोन प्रश्न कोरे आणि चेहरा मात्र जत्रेतून आल्यासारखा. दुसऱ्या वर्षीच्या एका अंतर्गत परीक्षेत तर कमाल झाली. प्रश्न पुस्तकातलाच होता. अमुक दोन संख्यांच्या मधल्या टापूत फंक्शन सलग असेल, तर ते हाताबाहेर वाढू शकत नाही, एका मर्यादेतच राहतं, हे सिद्ध करा. मी पहिल्याच झपाट्यात लिहिला. पुस्तकातल्या ओळी डोळ्यांसमोर होत्या, अगदी पान डावं की उजवं तेही.

बाहेर आल्यावर सुजाता म्हणाली, “तो तिसरा प्रश्न खोटा हाय.”

“खोटा?”

“कंस गोल हाय, दौंड. चौकोनी पायजे.”

प्रश्नपत्रिका छापताना चूक झाली होती. चौकोनी कंस म्हणजे टोकाचे बिंदू धरलेले, गोल कंस म्हणजे सोडलेले. टोकं सोडली की विधान कोसळतं. शून्याच्या जवळजवळ जाताना ‘एक भागिले क्ष’ हे साधं फंक्शन आभाळाला भिडतं, आणि तरी ते सलगच असतं. सुजाताने उत्तरपत्रिकेत तेच लिहिलं होतं. प्रश्न चूक, हे उदाहरण, ही आकृती. आणि आपणच काही चुकतोय का हे तपासण्यात तिचा बाकीचा वेळ गेला होता.

मी एका खोट्या विधानाची बिनचूक सिद्धता लिहिली होती. वर्गातल्या बाकीच्यांनीही, पण माझी सगळ्यांत सुबक. सरांनी पेपर परत दिले तेव्हा वर्गात चूक कबूल केली आणि सुजाताला त्या प्रश्नाचे पूर्ण मार्क दिले. आमचे कापले नाहीत. “छपाईची चूक, तुमचा दोष नाही,” म्हणाले. त्यांनी माझे मार्क कापले असते, तर मला बरं वाटलं असतं. माझ्या उत्तराखाली लाल शाईत पूर्ण गुण होते. मी तो पेपर वहीत घातला आणि नंतर कधी उघडला नाही.

एकदा पावसाने शिक्रापूरकडच्या गाड्या थांबल्या, तेव्हा सुजाता संध्याकाळपर्यंत माझ्याबरोबर मावशीकडे थांबली. मावशीने चहा टाकला आणि नेहमीच्या गोड आवाजात विचारलं, “तुझं आडनाव काय म्हणालीस, बाळ?”

सुजाताने आडनाव सांगितलं आणि श्वासही न घेता पुढे म्हणाली, “केंदूर, बौद्धवाडा. आप्पा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, आई अंगणवाडीत हाय. साखर कमी घाला, मावशी.”

मावशीचे पुढचे तीन प्रश्न तिच्या तोंडातच राहिले. तिने साखर कमी घातली. मी कपाटाच्या काचेत माझा चेहरा पाहत होते. माझ्याबद्दल कुणी विचारलं की मी उत्तराचा सगळ्यांत लहान तुकडा देते आणि बाकीचं मुठीत ठेवते. हिच्या मुठीत काहीच नव्हतं. तरी तिचं कुणी काही काढून घेऊ शकत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी ती गोष्ट आली, जिच्यासाठी मी हे सगळं लिहीत बसले आहे. दक्षिणेतल्या एका संस्थेत उन्हाळ्यात महिनाभराचं गणिताचं शिबिर असतं. देशभरातली मुलं येतात, राहणं-जेवण तिथेच, आणि ज्यांचं काम आवडतं त्यांना पुढे तिथेच एमएस्सीला घेतात. आमच्या विभागाकडून एकच नाव जाणार होतं. सातव सरांनी ठरवलं, ज्यांना जायचंय त्यांनी फळ्यावर सेमिनार द्यायचा. पुण्याहून एक प्राध्यापक बाई ऐकायला येतील. नावं दिली आम्ही दोघींनीच.

मला ते शिबिर हवं होतं. इतकं उघडपणे मला आयुष्यात काही हवंसं वाटलं नव्हतं. सुजाताला ते हवं असण्याचं कारण माझ्याहून मोठं होतं. तिच्या आप्पांनी शिरूरला बँकेच्या परीक्षांच्या क्लासची चौकशी करून ठेवली होती. मे महिन्यात बॅच सुरू व्हायची होती. शिबिर झालं तर गणित पुढे चालू, नाहीतर क्लास.

माझा सेमिनार आधी झाला. इंग्रजीत, वीस मिनिटं, एकही शब्द न अडखळता. प्राध्यापक बाईंनी विचारलं, “ही अट कशासाठी लागते?” मी म्हणाले, “विधानात दिलेली आहे, मॅडम.” त्यांनी मान हलवली. मला वाटलं, बरोबर म्हणून हलवली.

मग सुजाता उठली. तिने पदरचाच विषय घेतला होता. समजा, एक सलग रेघ आहे. तिच्यासारखी दुसरी, तिसरी, अशा रेघा एकामागून एक येताहेत आणि हळूहळू एका शेवटच्या रेघेपर्यंत पोचताहेत. सगळ्या सलग असतील, तर शेवटचीही सलग असते का? पुस्तक म्हणतं, असते, पण एका जादा अटीवर. सुजाताचं म्हणणं, ती अट लागतच नाही. तिने घरी, केंदूरच्या विहारातल्या फळ्यावर, अटीशिवाय सिद्धता बसवली होती. रविवारी ती तिथे दहावीच्या मुलांना शिकवायची, तोच फळा.

तिने लिहायला सुरुवात केली. मराठीत बोलत होती, मधूनच इंग्रजी शब्द. अर्धा फळा भरला. सातव सर पुढे सरकून बसले. मी प्रत्येक ओळ तपासत होते. मला चूक सापडायला हवी होती. सापडत नव्हती. मग तिचा खडू थांबला.

“सर, थांबा.”

कुणीच बोलत नव्हतं, तरी ती म्हणाली, थांबा. दोन पावलं मागे आली. वरून खाली वाचलं.

“हितं मी सगळ्या बिंदूंना एकाच एसटीत बसवलंय. ज्याची त्याची गाडी येगळी हाय. कुणी लवकर पोचतो, कुणी लई उशिरा. सगळे एकदमच पोचतील, हे कशावरनं?”

हा प्रश्न तिने स्वतःलाच विचारला होता. बाई काही बोलणार, तेवढ्यात तिने हात वर करून त्यांना थांबवलं, विद्यापीठातल्या बाईंना, आणि फळ्याच्या कोपऱ्यात एक वक्र काढला. शून्यापासून एकापर्यंत, जमिनीलगत सरपटत जाणारा आणि शेवटी वर चढणारा. त्याखाली दुसरा, जास्त वेळ सरपटणारा. तिसरा, आणखी जास्त वेळ. मग शेवटची रेघ. पूर्ण जमिनीवर आडवी, आणि अगदी टोकाला, वर, एकटा ठिपका.

“मारली उडी!” ती ओरडली. “मोडलं, सर! माझं मोडलं! अट लागतीच!”

आणि ती हसत होती. जे सिद्ध करायला आली होती ते तिने आमच्या डोळ्यांदेखत जमीनदोस्त केलं होतं, सेमिनार अर्धवट, वेळ संपत आलेली, महिनाभराची मेहनत गेलेली, आणि तिच्या तोंडावर असा आनंद होता जो मला कधी पैकीच्या पैकी मार्कांनी दिला नव्हता. मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते. चूक सापडली होती. ती मला सापडायला हवी होती, तीही तिलाच सापडली.

थोड्या वेळाने सरांनी आम्हा दोघींना विभागात बोलावलं. “सुजाता जाईल,” म्हणाले. “घरून परवानगी नाही मिळाली तर दुसरं नाव तुझं.”

सुजाता “थँक्यू सर” म्हणून उड्या मारत बाहेर गेली. मी दारापर्यंत गेले आणि परत वळले. तीन वर्षांत मी सरांना पहिला प्रश्न विचारला.

“सर, कशावरून?”

सरांनी चष्मा काढला. रागावले नाहीत. “तुझा सेमिनार वीस मिनिटांत संपला,” ते म्हणाले. “तिचा अजून चालू आहे. बघ.”

मी बाहेर पाहिलं. व्हरांड्यात सुजाता भिंतीवर बोटाने काहीतरी काढत उभी होती, आणि शिपाईमामा झाडू हातात धरून तिचं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या बाकाशी आली. “ए दौंड, रविवारी घरी चल. आप्पांना सांगायला.”

“मी कशाला?”

“तू पहिली येतीस. तुझं ऐकतील.”

मी तिच्याकडे नीट पाहिलं. “तू गेली नाहीस तर जागा मला मिळते. तू होतीस तिथे, ऐकलंस.”

“व्हय की,” ती म्हणाली. “म्हणून तर तुला नेतीय. माझ्या मैत्रिणीनं हुशार हाय म्हटलं, तर त्याला काय किंमत? जिला नुकसान हाय तिनं म्हटलं पायजे.”

रविवारी मी केंदूरला गेले.

तिच्या आप्पांचं काम घराच्या पुढ्यातच, पत्र्याखाली चालायचं. लांबट, सोललेल्या मोटारी आडव्या ठेवलेल्या, तांब्याच्या तारेची वेटोळी, ग्रीसचा वास. आम्ही पोचलो तेव्हा एक शेतकरी आप्पांना सांगत होता, “आप्पा, मोटार गेली ओ माझी.”

आप्पांनी मान वर केली नाही. “कशावरनं?”

“कशावरनं म्हंजी? पाणी येत न्हाई!”

“पाणी येत न्हाई म्हंजी मोटारच गेली व्हय? आधी स्टार्टर बघा. मग केबल. मग या.”

मी सुजाताकडे पाहिलं. ती पायातल्या चपला काढत होती. मी तीन वर्षं ज्या शब्दाचा हेवा केला तो तिचा नव्हताच. घरचा होता. मिठासारखा, सगळ्यांच्या ताटात. शाळेतून आलेल्या माझ्या कुठल्याच शब्दाला असं घर नव्हतं, आणि हे जाणवून मला बरं वाटण्याऐवजी आणखीच वाईट वाटलं.

सुजाताच्या आईने पाणी दिलं. शेंगदाण्याच्या लाडवाची वाटी पुढे केली. सुजाताने प्रस्तावना केली नाही. “आप्पा, मी न्हाई गेले तर ही जाणार हाय. आधी सांगते.”

“मंग ही का आली?” आई म्हणाली.

“मी आणलंय.”

आप्पांनी हात पुसले आणि माझ्यासमोर बसले. त्यांच्या भुवया अगदी सुजातासारख्या. “हे बघा बाई, आम्ही नको म्हणणारी माणसं न्हाई. पर तिकडं देशातली पोरं येणार. इंग्रजी बोलणारी. हिचे मार्क तुमच्याहून कमी. क्लास लावला तर दोन वर्षांत नोकरीला लागंल. तिकडं जाऊन काय होईल, कुणी सांगावं? तुम्ही रोज बघता. सांगा, हुशार हाय का ही?”

“हो,” मी म्हणाले.

“कशावरनं?”

पत्र्यावर ऊन तडतडत होतं. आई, सुजाता, मोटारवाला शेतकरी, सगळे माझ्याकडे बघत होते. मी गोल कंसाचं सांगू शकले असते. पहिल्या वर्षातला तो प्रश्न सांगू शकले असते. पण त्यातलं काहीच आप्पांना तपासता आलं नसतं, त्यांनी फक्त माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता. मला अशी गोष्ट हवी होती जी माझ्या तोंडाकडे बघून कुणालाही कळेल. पाठ केलेलं काहीच कामाचं नव्हतं.

“मला हिचा हेवा वाटतो, काका,” मी म्हणाले. “तीन वर्षं. रोज. मार्क मला जास्त पडतात, तरी. मी पहिली येते आणि घरी जाऊन रडते. हिची चूक झाली तर मला आनंद होईल म्हणून मी वाट बघते, आणि हिची चूक झाली, तर चुकूनसुद्धा ही माझ्यापुढेच असते. आत्तासुद्धा तुम्ही नाही म्हणावं, असं मला वाटतंय.”

शेतकऱ्याने टोपी काढून परत घातली. आप्पांनी जवळचं तारेचं वेटोळं उचललं, त्याचं टोक शोधलं, ते नीट आत खोचलं.

“बरं,” ते म्हणाले. “पटलं.”

“काय पटलं?” आईने विचारलं.

“ह्या पोरीला खोटं बोलून फायदा व्हता. बोलली न्हाई.” मग सुजाताकडे वळून, “तू तिथं टिकशील, हे कशावरनं?”

सुजाताने हातातला लाडू परत वाटीत ठेवला आणि म्हणाली, “न्हाई सांगता येत, आप्पा. जाऊनच बघायला लागंल.”

आप्पा हसले. हसताना तेही अगदी तिच्यासारखे, अडल्यावर हसणारे.

मला एसटीपर्यंत सोडायला ती आली. आभार मानले नाहीत. थांबा दिसायला लागल्यावर म्हणाली, “तुझं मघाचं कारण पुरं पडत न्हाई. हेवा चुकीच्या माणसाचाही वाटू शकतो. त्यावरनं माणूस हुशार ठरत न्हाई.” मग माझ्याकडे वळून, “पण आप्पांना पटलं. सरांना पटलं नसतं.”

गाडी आली. मी चढले. इतका राग मला तिचा कधीच आला नव्हता, आणि ती बरोबर होती.

तिची गाडी दौंडवरून होती. आदल्या संध्याकाळी आप्पा तिला घेऊन आमच्याकडे मुक्कामाला आले. माझ्या आईने दशम्या बांधून दिल्या, वडील आणि आप्पा कुरकुंभच्या पाण्यावर बोलत बसले. सकाळी आम्ही स्टेशनवर गेलो. फलाटावरच्या चहावाल्याने तिचं तिकीट बघून सांगितलं, “ताई, तुमचा डबा इथंच लागणार.”

“कशावरनं?”

“अहो, रोज इथंच लागतो. मी इथंच तर उभा असतो!”

गाडी आली आणि डबा बरोबर तिच्यासमोर थांबला. चहावाल्याने विजयी मुद्रेने किटली उंचावली. “आज लागला,” सुजाता पायरीवरून म्हणाली. “रोज लागतो, हे अजून ठरलं न्हाई.” आप्पा मोठ्याने हसले आणि मग तोंड फिरवून पाण्याच्या नळाकडे गेले.

त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही. शिबिर संपलं आणि ती तिथेच एमएस्सीला राहिली. मी दौंडलाच एका शाळेत गणित शिकवते. फोन होतात, अधूनमधून. पण डोळ्यांसमोर राहिली आहे ती खिडकीतली.

गाडी हलली तेव्हा मी खिडकीबरोबर चालत होते. आतून काच बंद होती. मी हात वर केला. ती माझ्याकडे पाहत नव्हती. समोर एक मध्यमवयीन बाई बसली होती, मांडीवर पिशवी, कपाळाला मोठं कुंकू, आणि सुजाता तिला काहीतरी सांगत होती. बोलता बोलता तिने बोट काचेवर ठेवलं. धूळ होती काचेवर, आतूनही. तिने एक आडवी रेघ ओढली, लांबलचक, आणि अगदी टोकाला, वर, एक ठिपका दिला. बाई पुढे वाकली. तिचं तोंड किंचित उघडं राहिलं. मग ती सुजाताकडे बघून काहीतरी म्हणाली, आणि काचेआडूनही मला कळलं, की तो प्रश्न होता.

गाडीने वेग घेतला. मी फलाटाच्या टोकाला उभी राहिले. त्या बाईचाही मला हेवा वाटला.